कालवं काढणाऱ्यांचा वकील

ओझियास नोगेराचा आवाज लहान होता, याबद्दल ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या साओ जिल गावात दुमत नव्हतं. चर्चमध्ये तो गायला लागला की शेजारच्या माणसाला वाटायचं, हा नुसते ओठ हलवतोय. असा मुलगा साल्व्हादोर शहरात जाऊन वकिली शिकून आला, तेव्हा बंदरावरच्या लोकांना गंमत वाटली. "हा काय न्यायाधीशाच्या मांडीवर बसून बोलणार?" असं बेकरीवाला म्हणाला, आणि ते वाक्य वर्षभर गावात फिरलं.

पण एक गोष्ट त्याला फार चांगली यायची. त्याला वाचता यायचं. म्हणजे वाचता सगळ्यांनाच येतं. हा शब्दाखाली बोट ठेवून वाचायचा, एकही शब्द न सोडता. ही सवय बापाची. तेओदोरो नोगेरा गावच्या नोंदणी कचेरीत कारकून होते. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं त्यांच्या हातून वहीत उतरायचं. अक्षर असं की लोक लग्नाचा दाखला काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावायचे. नक्कल तयार झाली की मूळ वही बापाच्या हातात आणि नक्कल पोराच्या, आणि एकेक शब्द ताडून बघायचा. ओझियास दहा वर्षांचा होता तेव्हापासून हे चालत आलेलं.

बहात्तर साली त्यानं बेकरीच्या वरच्या खोलीत वकिलीची पाटी लावली. कामं यायची ती कुंपणाची, वारसाहक्काची, कोणाची गाय कोणाच्या मॅनिओक कंदांच्या शेतात शिरली त्याची. शेजारच्या गावची शिक्षिका इराची हिच्याशी लग्न झालं. तिचा आवाज दोघांना पुरेल एवढा होता. खालून पावाचा वास, वर कागद, संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बापाबरोबर कॉफी. ओझियासला याहून जास्त काही नको होतं, आणि तसं तो म्हणायचाही.

एक्क्याऐंशी सालच्या मार्चमध्ये दोना लिंदाउरा जिना चढून वर आली. भरतीची वेळ होती, म्हणजे तिला सवड होती. ओहोटीला ती कधी कुणाला गावात दिसायची नाही. तेव्हा ती तिवरांत असायची, गुडघाभर चिखलात, कमरेला टोपली आणि हातात बोथट कोयती, डास-चिलटांसाठी नारळाच्या सोडणाचा धुमसता बोळा दाताखाली धरलेला. पन्नास वर्षं तिनं कालवं, तिसऱ्या आणि चिंबोऱ्या काढल्या होत्या.

"बसा मावशी," ओझियास म्हणाला.

"नको पोरा, परकर ओला आहे. तुझी खुर्ची खराब होईल." तिनं ब्लाऊजमधून एक कागद काढला. "पेन्शनवाल्यांचं पत्र आलंय. शेजारच्या बेनेडिताच्या नातीनं वाचून दाखवलं, पण ती रडायला लागली म्हणून नीट कळलं नाही. तू वाच."

ओझियासनं बोट ठेवून वाचलं. अर्जदार मच्छीमार असल्याचा पुरावा नाही. उलट, सादर केलेल्या लग्नाच्या दाखल्यात अर्जदाराचा व्यवसाय वेगळा नमूद आहे. अर्ज नामंजूर.

"दाखला आणलाय?"

तिनं चौकटीसकट आणला होता, टॉवेलात गुंडाळून. ओझियासनं काच पुसली. वर : दामियाओ दा पाश, व्यवसाय मच्छीमार. वधू : लिंदाउरा दा कोन्सेइसाओ, व्यवसाय घरकाम. अक्षरांच्या गाठी पाहूनच त्याला बापाचा हात ओळखू आला, तरी त्यानं खालची सही वाचली.

"दामियाओला पेन्शन मिळायचं," लिंदाउरा म्हणाली. "दमा होता त्याला. मेला त्याआधी आठ वर्षं तो होडीत चढला नव्हता. घरात जे शिजायचं ते माझ्या टोपलीतलं. पण कागदावर तो मच्छीमार, आणि मी घरात बसलेली."

"तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत?"

"लग्नाच्या दिवशी? माझे बूट उसने होते, पोरा. माझं सगळं लक्ष बुटांत."

त्या संध्याकाळी अंगणात ओझियासनं बापाला दाखला दाखवला. तेओदोरो तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. त्यांनी चौकट उजेडात धरली आणि खूश झाले.

"अडतीस सालचा. बघ, शाई जरासुद्धा उडालेली नाही."

"बाबा, यात चूक आहे."

"माझ्या वहीत चूक नाही."

"तिचा व्यवसाय."

तेओदोरोंनी पुन्हा वाचलं. "बाईमाणूस आहे ती. दुसरं काय लिहायचं होतं?"

दुसऱ्या दिवशी तो नोंदणी कचेरीत जाऊन बसला आणि तीन दिवस तिथल्या जुन्या वह्या वाचत राहिला. बापाच्या हातची सहाशे बारा लग्नं होती. चार शिक्षिका, एक सुईण, तीन शिवणकाम करणाऱ्या. बाकी सगळ्या घरकाम. त्यातल्या कितीतरी जणींना तो चिखलात वाकलेलं बघत लहानाचा मोठा झाला होता.

त्यानं लिंदाउराच्या वतीनं दावा लावला, आणि साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव बापाचं लिहिलं.

मग तीन आठवडे घरात बोलणं बंद. तेओदोरो आपल्या खोलीत जेवायचे. इराची ताट घेऊन आत जायची आणि रिकामं ताट घेऊन बाहेर यायची.

"काय म्हणाले?" ओझियास विचारायचा.

"म्हणाले, भातात मीठ कमी आहे."

"आणखी?"

"आणखी असं, की मुलगा बापाला भर कोर्टात उभं करतोय हे त्यांनी सहाशे बारा लग्नांत कुठे पाहिलं नाही. आकडा तूच सांगितलास ना त्यांना? आता तेच हत्यार आहे त्यांचं."

"मी त्यांचा अपमान करत नाहीये, इराची."

"मला काय सांगतोस? दाराला कान लावून बसलेत ते. मोठ्यानं बोल, म्हणजे त्यांनाच ऐकू जाईल."

तारखेच्या दिवशी तेओदोरोंनी पांढरा लिननचा सूट घातला आणि कोणाचीही वाट न बघता एकटेच कोर्टात निघून गेले. कोर्ट म्हणजे पंचायतीच्या इमारतीतली मागची खोली. मागे बारा-पंधरा बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओहोटी दुपारनंतर होती.

सरकारी वकील साल्व्हादोरहून आला होता. तरुण, नीटनेटका, उकाड्यानं बेजार झालेला. त्यानं आधी लिंदाउराला विचारलं, "बाई, तुम्ही होडी चालवता?"

"नाही."

"जाळं टाकता?"

"नाही."

"गळ?"

"नाही बाबा."

"मग तुम्ही मच्छीमार कशा?"

लिंदाउरानं त्याच्याकडे जरा दयेनं पाहिलं. "काल दुपारी बंदरावरच्या खानावळीत काय जेवलात?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नारळाच्या दुधातलं कालवांचं कालवण जेवलात. दोनदा वाढून घेतलंत. खानावळवाली माझी भाची आहे. तर ती कालवं काय चालत आली ताटात?"

भिंतीपाशी हसू फुटलं. न्यायाधीशांनी टेबलावर पेन आपटलं, पण त्यांनीही मान खाली घातली होती.

मग तेओदोरो साक्षीला उभे राहिले. ओझियास त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"वराला व्यवसाय विचारला होता?"

"विचारला होता. नियमच आहे तसा."

"आणि वधूला?"

"ती तिथेच उभी होती."

"उभी होती. तिला विचारलं होतं का?"

"वकीलसाहेब, जरा मोठ्यानं," न्यायाधीश म्हणाले.

"मला ऐकू आलंय, साहेब," तेओदोरो म्हणाले. "चाळीस वर्षं ऐकतोय मी हा आवाज." त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "नाही विचारलं. कुणालाच नाही विचारलं. शिक्षिका होत्या त्यांनी आपणहून सांगितलं, म्हणून लिहिलं. बाकीच्यांचं मी आधीच लिहून ठेवायचो, म्हणजे समारंभाला वेळ लागायचा नाही." त्यांनी लिंदाउराकडे बोट केलं. "शुक्रवारी ही बाई आमच्या मागच्या दाराशी टोपली घेऊन यायची. माझी बायको घासाघीस करायची आणि मी आतून ऐकायचो. ही काय करते ते मला ठाऊक होतं, साहेब. ठाऊक असून मी घरकाम लिहिलं. नियम मोडला तो मी."

सरकारी वकिलानं कागद चाळले आणि उलटतपासणी करायची नाही म्हणून सांगितलं.

निकाल लिंदाउराच्या बाजूनं लागला. घरी जाताना बाप-लेक चौकातून शेजारी शेजारी चालले. तेओदोरो म्हणाले, "अक्षर तरी चांगलं होतं ना?"

"अक्षराबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, बाबा."

"मग झालं." त्या रात्री ते सगळ्यांबरोबर जेवायला बसले. पुढे दोन वर्षांनी ते गेले, तेव्हा मृत्यूची नोंद ओझियासनं स्वतः ताडून पाहिली.

निकालाची बातमी खाडीखाडीतून पसरली. भरतीच्या वेळी बेकरीच्या जिन्यावर बायकांची रांग लागायला लागली. काही जणी चार-चार तास होडीनं यायच्या. प्रत्येकीच्या हातात एक दाखला आणि प्रत्येक दाखल्यावर तोच एक शब्द, वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या कारकुनांनी लिहिलेला. ओझियास एकेकीचा दावा लावायचा, साक्षी काढायचा, जिंकायचा, मग दुसरीचा. कधी कधी निकाल लागायच्या आधी बाई मरून जायची.

"विहिरीचं पाणी चमच्यानं उपसतोयस तू," इराची एकदा म्हणाली. "एकेक बाई म्हणजे एकेक खटला. त्यापेक्षा कायद्यातच नाही का लिहिता येत?"

"ते संसदेचं काम आहे."

"मग जा की संसदेत. तिथे काय सगळे मोठ्या आवाजाचेच असतात?"

ती हे सहज बोलली होती, पण मच्छीमार संघाच्या लोकांच्या कानावर ते गेलं. नव्वद सालच्या निवडणुकीला त्यांनी ओझियासला उभं केलं. प्रचार म्हणजे एक होडी, तिच्यावर बांधलेला भोंगा, आणि भोंग्यात बोलणारी इराची. उमेदवार शेजारी टोपी धरून उभा असायचा. किनाऱ्यावरचे लोक विचारायचे, "निवडून कोणाला द्यायचंय, बाईंना की साहेबांना?" इराची भोंग्यातूनच सांगायची, "नाव त्याचं लिहा, बाकीचं मी बघते!"

तो पडला. थोडक्यात पडला, पण पडला. पक्षाच्या यादीत निवडून आलेल्यांनंतरचा पहिला तोच होता. चौदा महिन्यांनी वरच्या एकाला राज्यात मंत्रिपद मिळालं, आणि नियमानं ती जागा ओझियासकडे आली. फोन आला तेव्हा तो एका कुंपणाच्या भांडणात जमीन मोजायला गेला होता. दोन दिवसांनी परत आला आणि कळलं, की आपण खासदार झालो.

ब्राझीलियात त्याचे पहिले महिने वाईट गेले. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त यायचं. तो झोपताना खुर्चीवर ओला टॉवेल टाकायचा. समुद्र नाही, भरती-ओहोटी नाही. दिवस कशावर मोजायचा तेच कळेना. पहिलं भाषण त्यानं तीन आठवडे घासून लिहिलं. बोलायला उभा राहिला तेव्हा सभागृहात पाच जण होते. त्यातला एक वर्तमानपत्र वाचत होता आणि दोघे एकमेकांशी घोड्यांबद्दल बोलत होते.

खाली उतरल्यावर वर्तमानपत्रवाला त्याच्यापाशी आला. आरिस्तेउ फुर्तादो, मिनासकडचा जाडजूड म्हातारा, पाच वेळा निवडून आलेला, मासेमारीच्या कायद्याचा विचार करणाऱ्या समितीचा अध्यक्ष. त्याच्या राज्याला समुद्रच नव्हता, म्हणून ती समिती त्याच्या गळ्यात पडली होती.

"भाषण चांगलं होतं," आरिस्तेउ म्हणाला. "म्हणजे, तसं वाटलं. ऐकू काहीच आलं नाही. हे बघ नोगेरा, इथे भाषणानं काही होत नाही. कायदा कागदावर होतो आणि कागद कॉफी पिताना ठरतो. तुला काय हवंय ते एका ओळीत सांग."

ओझियासनं खिशातून कागद काढला. ओळ लिहूनच ठेवलेली होती. मसुद्यात मच्छीमाराची व्याख्या होती : होडी, जाळं किंवा गळ वापरून मासे धरणारी व्यक्ती. त्यापुढे त्याला एवढंच हवं होतं : 'तसेच खाडीत, खडकात किंवा चिखलात हाताने शिंपले व खेकडे गोळा करणारी व्यक्ती.'

"अशा किती जणी आहेत देशात?"

"कोणाला माहीत नाही. सगळ्यांच्या कागदावर घरकाम आहे."

"मग माझी समिती म्हणणार, नसतीलच. मोजून आण."

मोजायचं काम इराचीनं अंगावर घेतलं. किनाऱ्यावरच्या शिक्षिकांना तिनं पत्रं लिहिली, निवडणुकीत भोंग्यात ओरडायची तशीच ठणठणीत. शाळेच्या वह्यांत नावं, वयं आणि किती वर्षं चिखलात गेली ते उतरू लागलं. दीड वर्षात नऊ राज्यांतून वह्या आल्या. ओझियासच्या खोलीत पलंगाखाली जागा उरली नाही.

वह्या समितीपुढे ठेवायच्या दिवशी साक्षीसाठी लिंदाउराला बोलावलं. ती एक दिवस आणि एक रात्र बसमध्ये बसून आली. सोबत मुलगी मारिनाल्व्हा आणि फारिन्याची, म्हणजे मॅनिओकच्या पिठाची पिशवी, कारण इथलं पीठ तिला चालणार नव्हतं. बैठक पुढे ढकलली गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढकलली. तिसऱ्या दिवशी सदस्यच पुरेसे आले नाहीत.

"मावशी, मला लाज वाटते," ओझियास म्हणाला.

"तुला कशाला? आपल्याकडे पण कधी कधी ओहोटी असून चिखलात काही मिळत नाही." ती संसदेच्या लांबलचक मोकळ्या सज्जात बसली होती. "पण इथली माणसं दिवसभर करतात काय रे? सगळी चालतच असतात."

त्या तीन दिवसांत आरिस्तेउ तिच्या शेजारी दोनदा येऊन बसला. काय बोलले ते ओझियासला कळलं नाही. मारिनाल्व्हानं पुढे सांगितलं, की म्हाताऱ्यानं आईचे हात हातात घेऊन बघितले, आणि आईनं त्याला कालवाच्या शिंपेनं कापलं तर काय लावायचं ते समजावून सांगितलं. "आणि तो आईला म्हणाला, की त्याची आई नदीवर लोकांचे कपडे धुवायची. आई म्हणाली, मग तिला पेन्शन मिळालं का? तो म्हणाला, नाही."

चौथ्या दिवशी लिंदाउरा त्याच बसनं परत गेली. पण पुढच्या बैठकीत ओळ समितीत मंजूर झाली, आणि विरोधात कोणी हात वर केला नाही.

नंतर दीड वर्ष काहीच घडलं नाही. मधे निवडणूक आली. या वेळी ओझियास स्वतःच्या मतांवर निवडून आला. कायदा या कपाटातून त्या कपाटात जात राहिला. अखेर एका बुधवारी तो मतदानाला आला. सकाळी बाकाबाकांवर छापील मसुदा वाटला होता, छत्तीस पानांचा. सभागृह भरत होतं. लोक एकमेकांना हाका मारत होते. ओझियास आपल्या जागेवर बसून वाचायला लागला, शब्दाखाली बोट ठेवून.

दुसऱ्याच पानावर बोट थांबलं. ओळ नव्हती.

तो उठून आरिस्तेउकडे गेला. "दुसरं कलम बघा."

आरिस्तेउनं चष्मा लावला. "छापताना गळली असेल."

"छापताना गळली असती तर आकड्यांत खंड दिसला असता. इथे पोटकलमांना नव्यानं आकडे घातलेत. कोणीतरी बसून घातलेत."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "पेन्शन खात्याला ती ओळ महाग वाटते. मला कोणी विचारलं नाही, पण कोणी केलं असेल ते मला सांगता येईल. सांगू?"

"नको. मला माणूस नकोय. ओळ हवीय."

"मग आत्ताच उठ. मतदान सुरू झालं की संपलं."

ओझियासनं बोलायची परवानगी मागितली. ध्वनिक्षेपक लावला तरी मागच्या बाकांपर्यंत फक्त कुजबुज पोचली.

"सन्माननीय सदस्यांनी मोठ्यानं बोलावं," सभापती म्हणाले.

"सभापती महाराज, माझा आवाज एवढाच आहे," ओझियास म्हणाला. "सभागृहानं थोडं गप्प व्हावं."

हे धिटाईनं म्हटलेलं नव्हतं. खरोखरच विनंती होती ती, आणि बहुधा म्हणूनच लोक गप्प झाले. त्यानं समितीनं मंजूर केलेला मजकूर वाचला. मग छापलेला मजकूर वाचला. कोणावर आरोप केला नाही. दोन्ही मजकूर ताडून पाहावेत आणि मंजूर झालेला तोच मतदानाला घ्यावा, एवढंच म्हणून खाली बसला. आरिस्तेउ उठला. समितीचा अध्यक्ष म्हणून आपण सांगतो, की पहिला मजकूर खरा आहे, असं तो खणखणीत आवाजात म्हणाला. सभापतींनी कारकुनांना बोलावलं. दहा मिनिटं कुजबुज चालली. ओळ परत आली.

मतदानाला मिनिटभरही लागलं नाही. हात वर झाले, खाली आले, आणि सभापती पुढच्या विषयाकडे वळले.

ओझियासनं बाहेर येऊन घरी फोन लावला. "झालं," तो म्हणाला.

"काय झालं? मोठ्यानं बोल!"

"कायदा झाला, इराची."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला, आणि इराचीच्या बाबतीत हे क्वचित घडायचं. मग ती म्हणाली, "जेवलास का?"

अठ्ठ्याण्णव साली तो निवडणूक हरला, आणि या वेळी थोडक्यात नव्हे. विरोधातल्या उमेदवारानं बंदराला नवा धक्का बांधून दिला होता, दोन गावांना रुग्णवाहिका आणली होती. निकालाच्या आठवड्यात मारिनाल्व्हा बेकरीच्या वर आली. आई वारून वर्ष झालं होतं. शेवटची पंधरा-सोळा वर्षं तिनं पेन्शन घेतलं होतं आणि तरीही ओहोटीला चिखलात जायचं सोडलं नव्हतं.

"वकीलसाहेब, तुमच्यापासून लपवून ठेवत नाही," मारिनाल्व्हा म्हणाली. "मी त्याला मत दिलं. धक्क्यामुळे होडीतून टोपली उतरवताना कंबर मोडत नाही."

"बरं केलंस," ओझियास म्हणाला.

"रागावलात?"

"जरासा. उद्यापर्यंत जाईल. कॉफी घेणार?"

राग जायला उद्यापेक्षा जास्त दिवस लागले. जवळजवळ वर्षभर तो बंदरावर फिरकला नाही, हे गावातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं आणि कोणी बोललं नाही. मग जूनमध्ये, साओ जोआओच्या सणाच्या शेकोट्या पेटल्या त्या संध्याकाळी, इराचीनं त्याला हाताला धरून खाली नेलं. भाजलेलं कणीस त्याच्या हातात दिलं आणि नव्या धक्क्यावर बसवलं. "चांगला बांधलाय," थोड्या वेळानं तो म्हणाला. "कठडा मात्र हवा होता." दुसऱ्या दिवशी त्यानं कठड्यासाठी पंचायतीला अर्ज लिहिला.

कुंपणं, वारसाहक्क, गाई पुन्हा सुरू झाल्या. पेन्शनचे अर्ज आता बायका स्वतःच भरायच्या. त्याच्याकडे अडलेलेच तेवढे यायचे. एकदा पलीकडच्या खाडीतली एक तरुण बाई कागदांची पिशवी घेऊन आली. तिनं त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आईचा अर्ज एका नवख्या अधिकाऱ्यानं परत पाठवला होता.

ओझियास पत्र वाचायला लागला. त्याची बोट ठेवून वाचण्याची संथ रीत बघून तिला धीर धरवेना.

"साहेब, तुम्हाला माहीत नसेल तर सांगते," ती म्हणाली, "कायद्यात आहे हे. दुसऱ्या कलमात. खाडीत, खडकात किंवा चिखलात हाताने. आमच्या सगळ्यांना पाठ आहे."

"असं का?" ओझियास म्हणाला. त्यानं पत्र बाजूला ठेवलं. "पुन्हा म्हणा बरं एकदा."

तिनं पुन्हा म्हटलं, या वेळी सावकाश, म्हाताऱ्या माणसाला समजावं म्हणून. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. मग त्यानं टाइपरायटरमध्ये कोरा कागद चढवला आणि अधिकाऱ्याचं नाव नीट कसं लिहितात ते तिला विचारलं.

त्यानंतर त्यानं आणखी नऊ वर्षं वकिली केली. खासदार होतो हे पाटीवर कधी लिहिलं नाही. इराचीनं एकदा रंगाऱ्याला बोलावलं होतं, पण पाटीवर जागा पुरेना, आणि मोठी पाटी करायला ओझियास तयार होईना. मारिनाल्व्हाला पेन्शन लागलं त्या शुक्रवारी तिनं एक टोपली कालवं आणून ठेवली, या वेळी पुढच्या दारानं. इराचीनं सवयीनं घासाघीस सुरू केली, तेव्हा मारिनाल्व्हा हसून म्हणाली, "बाई, ही विकायची नाहीत," आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच नारळ फोडायला बसली.